चेंबरचे बूच अडले तर

ट्रॅक्टर शेतात राबतो आणि त्याच्या इंजिनात तेल राबते. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून हे तेल असते. ते उष्णता ओढून घेते. काजळी आणि लोखंडाचा बारीक कीस तेही आपल्या पोटात घेते. पण किती दिवस घेणार? काही तासांनी त्याचा जोर सरतो. मग ते काढून नवे घालावे लागते.

काही जण म्हणतात, “तेल काळे झाले की बदलू.” हे बरोबर नाही. डिझेलच्या इंजिनात नवे तेलही थोड्याच तासांत काळे दिसते. म्हणून रंग पाहू नका, तास पाहा. ट्रॅक्टरवर तास मोजणारे मीटर असते. किती तासांनी तेल बदलायचे ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेले असते. कित्येक ट्रॅक्टरांना २५० तास सांगितलेले आहेत. तुमच्या ट्रॅक्टरचा आकडा तुमच्या पुस्तकातून वाचा. आता तुम्हाला वाचता येते, मग दुसऱ्याला कशाला विचारायचे?

तेल बदलण्याचे काम तसे सोपे आहे. इंजिनाच्या तळाशी तेलाचे भांडे असते. त्याला चेंबर म्हणतात. चेंबरच्या बुडाशी एक जाड बोल्ट असतो. पुस्तकात त्याला ‘ड्रेन प्लग’ म्हटलेले असते. आम्ही त्याला बूच म्हणू. बूच सोडले की जुने तेल खाली येते. ते लावले की वरून नवे तेल ओतायचे.

पण बूच सुटतच नाही तेव्हा काय करावे? पेरणी तोंडावर आलेली असते. माणूस घाईला येतो. पान्याला लांब पाइप लावतो आणि अंगातले सगळे बळ लावतो. मग बुचाचे कोन झिजतात, नाहीतर बुचाची मान तुटते. कधी चेंबरच फुटते. थोडक्या वेळाचे काम होते, त्याचे आठ दिवस होतात. पेरणी राहते बाजूला आणि चेंबर शोधत तालुक्याला हेलपाटे सुरू होतात.

बूच अडते कशाने? बहुतेक वेळा मागच्या माणसाने ते फार आवळलेले असते. तेल गळू नये म्हणून त्याने जोर केलेला असतो. त्यावर चिखल बसतो, पाणी बसते, गंज चढतो. म्हणजे अडलेले बूच हा बहुधा मागच्या वेळचा दोष असतो. हे ध्यानात ठेवा, बूच परत लावताना उपयोगी पडेल.

आता कामाला लागू. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवा. तेल कोमट झाले की पातळ होते आणि घाण घेऊन बाहेर येते. बूचही थोडे सैल पडायला मदत होते. मात्र फार तापवू नका. उकळते तेल हातावर आले तर कातडी सोलून निघेल. मग इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, ब्रेक लावा आणि चाकांना मागून-पुढून दगड लावा. अवजार जोडलेले असेल तर ते जमिनीवर टेकवा.

ट्रॅक्टर उंच असतो, तो उचलावा लागत नाही. जीप किंवा मोटार असेल तर गोष्ट वेगळी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, पेलून धरण्यासाठी नव्हे. विटांचा तर भरवसाच धरू नये. वीट एकदम फुटते. बूच सोडताना आपण खालून हिसके देतो, गाडी हलते, आणि तेवढ्यात माणूस जातो. गाडी खड्ड्यावर घ्यावी किंवा पक्क्या लोखंडी घोड्यांवर ठेवावी.

बुचाला हात लावण्याआधी वरचे झाकण उघडून पाहा. नवे तेल ओतायचे झाकण सुटते का? ते सुटत नसेल आणि तुम्ही खालून तेल काढून बसलात तर पंचाईत होईल. आणखी एक पाहा. ट्रॅक्टरखाली एकच बूच नसते. गिअरच्या पेटीलाही बूच असते. चिखल खरवडून, फडक्याने पुसून, पुस्तकातले चित्र समोर ठेवून नेमके इंजिनाचे बूच ओळखा.

आता पाना. आमच्या मते सगळे काम पान्यावर आहे. पान्यावर आकडा कोरलेला असतो, तो वाचा. १७, १९ असे आकडे मिलिमीटरचे असतात. परंतु काही जुन्या गाड्यांचे बोल्ट इंचांच्या मापाचे असतात. जुन्या विलीज जीपचे तसेच. पाऊण इंची बोल्टाला १९ चा पाना चालून जातो, कारण फरक अगदी केसाएवढा आहे. पण ११/१६ इंची बोल्ट म्हणजे साडेसतरा मिलिमीटरच्या जरासा आत. त्याला १७ चा पाना बसत नाही आणि १८ चा सैल बसतो. सैल पाना म्हणजे बुचाचा काळ. तो फिरतो आणि कोन खातो. अशा वेळी इंचाचाच पाना मागून आणावा.

तोंड उघडे असलेला फिक्स पाना अडलेल्या बुचाला लावू नये. तो दोनच बाजूंना धरतो. गोटी पाना सगळीकडून धरतो. गोट्याही दोन तऱ्हेच्या मिळतात. आतून बारा कोन असलेली आणि सहा कोन असलेली. सहा कोनांचीच घ्या. ती बुचाला सपाट बाजूंवर धरते, कोनावर भार येऊ देत नाही.

बुचाच्या कडेला गंज सोडवणारे पातळ तेल सोडा आणि थांबा. निदान अर्धा तास थांबा. रात्रभर थांबलात तर अधिक बरे. मग हातोडीने बुचाच्या डोक्यावर सरळ, बेताचे चार-सहा ठोके द्या. डोक्यावरच द्या, चेंबरवर नको. ठोक्याने गंजाची पकड मोडते. बूच तापवायला दिवटी किंवा गॅसची ज्योत मात्र मुळीच आणू नका. तिथे तेल आहे, डिझेल आहे. भडका उडायला वेळ लागत नाही.

बूच कोणत्या बाजूला फिरवायचे? इथेही घोटाळा होतो. खाली बसून बुचाच्या डोक्याकडे पाहा. घड्याळाचे काटे फिरतात त्याच्या उलट पाना गेला पाहिजे. वरून वाकून पाहिले की दिशा उलटी भासते आणि माणूस सोडण्याऐवजी आवळत बसतो. शंका असेल तर रिकामी बाटली घ्या. ती उलटी धरा, झाकण खाली येऊ द्या, आणि खालून पाहत झाकण उघडा. हात ज्या बाजूला गेला, तीच बाजू.

गोटी बुचावर पूर्ण चढवा. एका हाताने ती दाबून धरा. दुसऱ्या हाताने दांडा आपल्याकडे ओढा. ढकलू नका. ढकलताना बूच एकदम सुटले तर बोटे लोखंडावर आपटतात. सावकाश ओढून सुटत नसेल तर दांड्याच्या टोकावर लाकडी मोगरीचे छोटे झटके द्या. एका मोठ्या जोरापेक्षा दहा छोटे झटके बरे.

पाइप लावावा का? लावता येतो, पण हिशेब समजून. दांडा दुप्पट लांब झाला की तेवढ्याच ताकदीत बुचावर दुप्पट जोर येतो. तुमच्या हाताला तो कळत नाही, बुचाला कळतो. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर पाइप लावूच नका. त्याचे आटे मऊ असतात, बुचाबरोबर सगळे निघून येतात. लोखंडाच्या चेंबरलाही हातभर पाइपने सुटले नाही तर तिथे थांबावे.

बूच किंचित हलले की लगेच गरागरा फिरवू नका. थोडे सोडा, थोडे आवळा, पुन्हा सोडा. असे केल्याने आट्यांतला गंज भुगा होऊन निघतो. सैल झाल्यावर खाली घमेले ठेवा आणि शेवटचे आटे हाताने सोडा. हात बाजूला ठेवा. धार प्रथम लांब उडते.

आणि कोन झिजून बूच गोल झालेच तर? डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू कानशीने घासून सपाट करा आणि पाइप पान्याने घट्ट धरून पाहा. किंवा एक माप लहान गोटी हातोडीने ठोकून वर चढवा. याच्या पुढचे काम मिस्त्रीचे. पुष्कळांना हा कमीपणा वाटतो. आम्हाला वाटत नाही. मिस्त्रीची मजुरी नव्या चेंबरपेक्षा कितीतरी कमी असते.

पेरणी उद्यावर आहे आणि मिस्त्री मिळत नाही, तरी एक वाट आहे. पुष्कळ इंजिनांत तेल मोजायच्या पट्टीचे भोक सरळ चेंबरात उतरते. त्यातून बारीक नळी घालून हातपंपाने तेल ओढून घेता येते. तोंडाने मात्र ओढू नका. तळाचा थोडा गाळ राहतो, पण बहुतेक जुने तेल निघते. नवे तेल भरा आणि पेरणी करून घ्या. बूच सवडीने पाहता येईल.

परत लावताना बूच आणि त्याची बैठक पुसा. वायसर नवे घाला. तेल अडवायचे काम वायसर करते, तुमचे मनगट नव्हे. पहिले तीन-चार आटे हातानेच फिरवा. अडले तर काढून पुन्हा सरळ लावा. मग पान्याने बेताचे आवळा, पाइप लावू नका. तेलाचा फिल्टरही त्याच वेळी बदला. तेल किती आणि कोणते हे पुस्तकात पाहा. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्यांच्यामध्ये, वरच्या खुणेजवळ हवे, तिच्यावर नको. मग इंजिन थोडे चालवा. तेलाचा लाल दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर इंजिन ताबडतोब बंद करा. विझला तर खाली वाकून बूच ओले होते का ते पाहा. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा आणि पट्टी पुन्हा पाहा.

राहता राहिले घमेल्यातले काळे तेल. ते ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. काही ठिकाणी गोचिडांसाठी जनावरांच्या अंगाला ते चोळतात. तसे करू नये. जनावर अंग चाटते आणि विष पोटात जाते. आपल्या हातालाही ते फार वेळ राहू देऊ नका. वर्षानुवर्षे लागत गेले तर कातडीचा कर्करोग होऊ शकतो. साबणाने हात धुवा. तेल झाकणाच्या डब्यात भरा, त्यावर ‘जुने तेल’ असे लिहा, आणि जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या.

अवजारांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. त्यावर तारीख, मीटरचे तास, किती लिटर तेल लागले, आणि बुचाला कोणत्या आकड्याचा पाना बसला, एवढे लिहून ठेवा.