फोल्डेबल फोन रिस्टार्ट होतोय? बिजागरीला दोष देण्याआधी

फोल्डेबल फोन अधूनमधून आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला की बहुतेकांचं निदान ठरलेलं असतं: बिजागरी गेली. या समजुतीला इतिहास आहे. एप्रिल 2019 मध्ये सॅमसंगने पहिला गॅलेक्सी फोल्ड परीक्षणासाठी पत्रकारांच्या हाती दिला, तेव्हा काहींचे पडदे दोन-तीन दिवसांतच बिघडले. कुणी पडद्यावरचा संरक्षक थर साधा स्क्रीनगार्ड समजून सोलून काढला होता, तर एका फोनमध्ये बिजागरीच्या बाजूने कचरा शिरला होता. विक्री पुढे ढकलावी लागली. सुधारलेला फोन सप्टेंबरात बाजारात आला आणि ऑक्टोबरात 1,64,999 रुपये किमतीला भारतात पोचला. घडीचा फोन म्हणजे नाजूक काम, हा शिक्का तेव्हा बसला तो अजून पुसलेला नाही. पण त्या प्रकरणात पडदे गेले होते. फोन आपोआप रिस्टार्ट होणं हा वेगळा बिघाड आहे, आणि त्याची बरीचशी कारणं साध्या, न दुमडणाऱ्या फोनमध्येही तीच असतात.

म्हणून दुरुस्तीच्या दुकानाकडे निघण्याआधी एक गोष्ट बघायलाच हवी: फोन नेमका कधी रिस्टार्ट होतो. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या ‘स्टेटस’ या भागात ‘अप टाइम’ नावाची ओळ असते. फोन सलग किती तास चालू आहे, ते तिथे दिसतं. फोन पुरता बंद होऊन सुरू झाला असेल तर हा आकडा शून्यापासून मोजायला लागतो आणि बोटाच्या ठशाऐवजी आधी पिन मागितला जातो. लोगो दिसला, सगळी अ‍ॅप बंद झाली, तरीही अप टाइम जुनाच पुढे चालू असेल, तर सहसा फक्त अँड्रॉइडचा वरचा थर कोसळून पुन्हा उभा राहिलेला असतो. अशा वेळी संशयाची सुई सॉफ्टवेअरकडे वळते. ही ओळ बघायला अर्धं मिनिट लागतं, पण फार थोडे लोक ती बघतात.

कधी कधी तर बिघाडच नसतो. सॅमसंगच्या ‘डिव्हाइस केअर’मध्ये गरजेनुसार किंवा ठरलेल्या वेळी रिस्टार्ट करण्याची सोय आहे. ती चालू असेल तर पहाटे फोन स्वतःहून रिस्टार्ट होतो. शिवाय एप्रिल 2025 पासून गूगलने प्ले सर्व्हिसेसमधून आणखी एक व्यवस्था आणली: सलग तीन दिवस लॉक राहिलेला अँड्रॉइड फोन आपोआप रिस्टार्ट होतो. चोरलेल्या फोनमधली माहिती बाहेर काढणं कठीण व्हावं, हा त्यामागचा हेतू. कपाटात पडून असलेला जादाचा फोन रिस्टार्ट झालेला दिसला, तर त्याचं कारण हे असू शकतं.

“फोन हॅक झालाय” ही दुसरी धास्ती. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती अशा नावांनी एपीके फाइल येतात. त्या खरोखर घातक आहेत, आणि तशी एखादी उघडून इन्स्टॉल केली असेल तर इंटरनेट तोडून बँकेला आणि 1930 या सायबर मदत क्रमांकाला लगेच कळवायलाच हवं. पण ओटीपी चोरणाऱ्या अ‍ॅपला गुपचूप बसून राहायचं असतं. सारखा फोन बंद पाडून स्वतःकडे लक्ष वेधण्यात त्याचा तोटाच आहे. रिस्टार्टच्या मागे बहुतेकदा कुठलीही दुष्ट बुद्धी नसते, असते ती साधी चूक. 2020 साली एका तळ्याचं सुंदर छायाचित्र वॉलपेपर म्हणून लावलं की अँड्रॉइड 10 वरचे कित्येक फोन अखंड रिस्टार्ट होत राहायचे. त्या चित्रातल्या रंगांची मांडणी वेगळ्या प्रकारची होती. हिशेबात एक आकडा 255 च्या वर जाई आणि पडद्याची व्यवस्था बघणारा प्रोग्रॅम कोसळे. फोनच्या यंत्रात काहीच बिघडलेलं नव्हतं.

अशी सॉफ्टवेअरबद्दल शंका असेल तर सेफ मोड वापरावा. पॉवर मेन्यूतल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. त्यात आपण टाकलेली अ‍ॅप बंद राहतात. दिवसभर फोन त्यात शांत राहिला तर दोष एखाद्या अ‍ॅपचा. मग अलीकडे घेतलेली अ‍ॅप एकेक करून काढावीत. बॅटरी वाचवण्याचा आणि फोन साफ करण्याचा दावा करणारी सगळ्यात आधी.

आणि फोनचं कव्हर काढून बघा. बाजूचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र काही सेकंद दाबलं गेलं की सक्तीने रिस्टार्ट होतो. घट्ट कव्हर, त्यात जीन्सचा तंग खिसा, एवढं पुरतं.

आता बॅटरी. “चार्जिंग तीस टक्के होतं, मग बॅटरीचा दोष कसा?” हा प्रश्न रास्त वाटतो, पण टक्केवारी म्हणजे उरलेल्या चार्जचा अंदाज. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा, नेव्हिगेशन आणि 5जी एकदम चालू झाले की प्रवाहाची मागणी क्षणात वाढते, व्होल्टेज खाली कोसळतं आणि फोन बंद पडतो. आयफोन 6 आणि 6एस याच कारणाने अचानक बंद पडत होते. ते टाळण्यासाठी जुन्या बॅटरीच्या फोनचा वेग आपण कमी करतो, हे अ‍ॅपलने डिसेंबर 2017 मध्ये मान्य केलं. गॅलेक्सी झेड फोल्ड आणि फ्लिपमध्ये दोन अर्ध्यांत दोन बॅटऱ्या असतात, त्यामुळे इथे तपासायच्या गोष्टीही वाढतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि फोन साधारण 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. भर दुपारी स्कूटरच्या हँडलवर फोन अडकवून, पडदा पूर्ण उजळ ठेवून हिंजवडीपर्यंत नकाशा बघत जायचं आणि तोच फोन रात्री उशीखाली चार्ज करायचा, हे बॅटरीला फार महाग पडतं.

मग बिजागरीचा दोष कधीच नसतो का? असतो, पण त्याची खूण स्पष्ट असते. दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या पातळ, लवचीक केबल बिजागरीतून जातात आणि प्रत्येक घडीला वाकतात. केबल किंवा तिचा जोड कमकुवत झाला की फोन उघडताना, मिटताना किंवा ठरावीक कोनात धरल्यावरच रिस्टार्ट होतो. पडताळणी सोपी आहे: एक दिवस फोन पूर्ण उघडा ठेवून वापरावा, दुसऱ्या दिवशी मिटलेलाच. दोन्ही दिवस फोन ठीक चालला आणि घडी घालताना मात्र बंद पडला, तर प्रश्न यंत्राचाच. मग फॅक्टरी रीसेट करून हाती काही लागत नाही, उलट बॅकअप नसेल तर घरातले फोटो तेवढे जातात. बिजागरीत तेल सोडू नये, जोराची हवा मारू नये. धुळीचं म्हणाल तर, 2021 च्या फोल्ड 3 ला पाणी रोखण्याचं आयपीएक्स8 मानांकन होतं. त्यातला एक्स म्हणजे धुळीची चाचणी नाही. 2024 च्या फोल्ड 6 चं आयपी48 हे धुळीच्या बाबतीत एक मिलिमीटरहून मोठ्या कणांपुरतं आहे. मेट्रोच्या आणि बांधकामांच्या कामांतून उडणारी धूळ त्याहून कितीतरी बारीक असते. ती मुख्यतः पडद्याला आणि बिजागरीच्या हालचालीला त्रास देते.

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात फोन दुरुस्तीत हात बसलेले कारागीर आहेत, त्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. तरी वॉरंटी चालू असेपर्यंत फोन बाहेर उघडू नये असंच मी सांगेन. उघडल्यावर पाणी अडवणारा चिकट थर तुटतो आणि कंपनीला नकार द्यायला कारण मिळतं.

सेवा केंद्रात मात्र नेहमीचा अनुभव असतो: टेबलावर फोन नीट चालतो आणि “काही दोष आढळला नाही” म्हणून परत येतो. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या फोनने काढलेला, घडी घालताना फोन बंद पडतानाचा व्हिडिओ. जॉबशीटवर “हँग होतो” असं मोघम लिहू देऊ नका. “उघडताना आपोआप रिस्टार्ट होतो” असं लिहून घ्या आणि प्रत्येक खेपेची प्रत जपा.

वॉरंटीच्या एका वर्षाबरोबर हक्कही संपतो, हाही गैरसमजच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. विक्रेता कुठलाही असो, आपण पुण्यात राहत असू तर तक्रार पुण्यातच करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा, काही प्रकरणं तिथेच मिटतात. ज्या शहरात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली ग्राहक पंचायत सुरू केली, तिथल्या माणसाने महागडा फोन निमूटपणे खणात टाकून देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. प्रयोगशाळेतल्या तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो, आणि तिथे त्या तारीखवार जॉबशीट फार कामाला येतात.