गाडी चालू, तर फोन बंद



आपल्या गटातल्या किती घरांचा संबंध कंपनीच्या गाडीशी येतो, हे एकदा मोजून बघा. कुणी एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला कंपनीच्या बसनं जाते. कुणाचे मालक दुधाच्या टँकरवर आहेत, कुणाचा मुलगा पार्सलची पिकअप चालवतो. म्हणून आज आम्ही अशा गाड्यांत बसवल्या जाणाऱ्या यंत्रांविषयी सांगणार आहोत. चालकाचं लक्ष रस्त्यावरून हटलं, की ही यंत्रं त्याला सावध करतात.

आधी एक हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. फोनवर कुणाचा मेसेज आला, एवढं बघायला तीन सेकंद सहज लागतात. म्हणजे ५० मीटर गाडी न बघताच चालली! तेवढ्यात समोर शाळेतून सुटलेलं पोर येऊ शकतं, नाहीतर दिवा नसलेली उसाची ट्रॉली. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. या अपघातांची कारणं अनेक आहेत. पण चालकाचं लक्ष हे असं कारण आहे, की ते आपल्याला आजपासून सुधारता येतं.

आता यंत्रं कोणती, ते बघू.

पहिलं यंत्र जीपीएसचं. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, चालकानं कचकन ब्रेक कितीदा मारला, याची नोंद कार्यालयात दिसते. एकाच चालकाच्या नावावर असे ब्रेक वारंवार दिसले, तर त्याच्याशी बोलायला हवं हे कळतं.

दुसरा, चालकाच्या तोंडाकडे वळवलेला छोटा कॅमेरा. डोळे मिटायला लागले, मान खाली गेली किंवा फोन कानाला लागला, तर तो ओळखतो आणि लगेच मोठ्यानं आवाज करतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालत असल्यामुळे तो रात्रीच्या अंधारातही काम करतो. युरोपात जुलै २०२४ पासून गाड्यांच्या नव्या मॉडेलमध्ये लक्ष हटल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे.

तिसरा कॅमेरा रस्त्याकडे बघतो. पुढची गाडी फार जवळ आली किंवा आपली गाडी पट्टा सोडून सरकली, की तो इशारा देतो. आपल्या नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात शहर बसगाड्यांवर अशी यंत्रणा बसवली गेली.

चौथा उपाय फोनमध्येच असतो. ‘ड्रायव्हिंग मोड’ सुरू केला, की गाडी चालताना मेसेजचा आवाज येत नाही. काही फोन तर ‘मी गाडी चालवतोय’ असं उत्तरही आपोआप पाठवतात.

पण मैत्रिणींनो, यंत्र बसवलं म्हणजे काळजी मिटली, असं नाही. चालक आरशात बघत असला तरी कधीकधी कॅमेरा उगाच ओरडतो. मग वैतागून कुणी त्यावर चिकटपट्टी लावतं. कानात इयरफोन घातला म्हणजे झालं, हाही गैरसमजच. हात मोकळे राहतात, पण मन बोलण्यात अडकतं. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी, की ‘कुठे पोचलास?’ म्हणून पुष्कळदा कंपनीचा सुपरवायझरच चालत्या गाडीत फोन करतो. जीपीएसवर गाडी दिसत असताना हा फोन कशासाठी?

म्हणून कंपनीच्या गाडीनं जाणाऱ्या जणींनी मिळून तीन प्रश्न विचारावेत. एक, गाडी चालू असताना कार्यालयातून चालकाला फोन करायचा नाही, असा नियम आहे का? दोन, कॅमेऱ्याची नोंद कोण बघतं, आणि ती बघून चालकाला समजावून सांगतात की थेट पगार कापतात? चालकाचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. तीन, चालकाला पुरेशी झोप आणि विसावा मिळतो का? दोन पाळ्या सलग केलेल्या माणसाला नुसत्या आवाजानं कुठवर जागं ठेवणार?

कायदा आपल्या बाजूनं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १ हजार ते ५ हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा बसमध्ये ‘दादा, गाडी बाजूला घ्या आणि मग बोला’ असं म्हणायला घाबरू नका. एकटीला अवघड वाटलं, तर चौघींनी मिळून म्हणा.

आणि आपल्याकडूनही एक गोष्ट व्हायला हवी. चालकाला येणारे कितीतरी फोन घरूनच जातात. ‘येताना तेल आणा’, ‘पोरगं ऐकत नाही’. मनात माया असते, पण वेळ चुकीची असते. घरातला माणूस गाडीवर असेल, तर त्याच्याशी वेळा ठरवून घ्या. चहाला थांबल्यावर त्यानंच फोन करायचा. तुमचा फोन त्यानं उचलला आणि मागे इंजिनाचा आवाज आला, तर ‘थांबल्यावर बोला’ एवढंच म्हणून फोन ठेवा. या यंत्राला पैसे लागत नाहीत.

येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की हा विषय घ्या. कुणाच्या घरी कोणती वेळ ठरली, ते एकमेकींना सांगा.