नाव एकाचे, बिल भलत्याचे

इंटरनेटवरच्या बनवाबनवीच्या इतिहासात गोव्यातल्या डिचोलीचे, म्हणजे इंग्रजीतल्या बिचोलिमचे, नाव कधीच लागले आहे. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'बिचोलिम कॉन्फ्लिक्ट' नावाचा लांबलचक लेख आला. १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात झालेल्या युद्धाची ती हकीगत. तळटिपा, संदर्भग्रंथ, सगळे यथासांग. दोनच महिन्यांत त्याला 'चांगला लेख' असा दर्जाही मिळाला. डिसेंबर २०१२ मध्ये एका संपादकाने संदर्भ तपासायला घेतले, तेव्हा त्या पुस्तकांचा पत्ताच लागेना. युद्ध झालेच नव्हते. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते, आणि डिचोली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. इथला इतिहास जाणणाऱ्याने एक नजर टाकली असती तरी बिंग फुटले असते. पण मांडणीचा थाटच असा, की पाच वर्षे कोणाला शंका आली नाही.

छोट्या संकेतस्थळांच्या मालकांना येणारी डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची, खोटी बिले याच थाटावर चालतात.

गोव्यात मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाली आणि पेडणे तालुक्यातला पर्यटनाचा धंदा आणखी वाढला. मोरजी, मांद्रे, हरमल इथे खोल्या भाड्याने देणारे असोत, मये तलावाजवळ पर्यटकांची सोय करणारे असोत की डिचोलीत मातीच्या वस्तू घडवून विकणारे असोत, आज संकेतस्थळ काढणे कोणालाच अवघड राहिलेले नाही. ते बहुधा घरातला एखादा भाचा करून देतो, नाहीतर म्हापशाचा किंवा पणजीचा डिझायनर. चौकशीचे फोन येऊ लागतात आणि डोमेन कोणत्या कंपनीकडे नोंदवले, मुदत कधी संपते, हे विचारायचे राहूनच जाते. ठकाला एवढी फट पुरते.

मग एके दिवशी ईमेल येतो. विषयाच्या ओळीत संकेतस्थळाचे अचूक नाव, खाली तांबड्या अक्षरांत 'अंतिम सूचना', बिल क्रमांक, मुदतीची तारीख आणि पैसे भरण्याचे ठळक बटण. रक्कम डॉलरमध्ये. आज भरले नाहीत तर संकेतस्थळ बंद पडेल, असा दम. पार तळाशी फिकट करड्या, बारीक अक्षरांत मात्र लिहिलेले असते की हे बिल नाही, शोधयंत्रांत नाव नोंदवण्याच्या सेवेचा हा प्रस्ताव आहे. कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी ठेवलेली ती पळवाट. गूगलमध्ये दिसण्यासाठी कोणालाही वर्गणी भरावी लागत नाही, हे ज्याला माहीत नाही तो बटण दाबून मोकळा होतो.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत 'डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका' ही कंपनी नूतनीकरणाच्या बिलासारखी दिसणारी पत्रे टपालाने पाठवत असे. ग्राहक समजे, आपण नेहमीचे पैसे भरतो आहोत; प्रत्यक्षात त्याचे डोमेन जुन्या कंपनीकडून उचलून या कंपनीकडे वळवले जाई. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ मध्ये तिच्यावर कारवाई केली. तरी तसली पत्रे थांबली नाहीत. २०१४ मध्ये डोमेन व्यवस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या आयकॅन या संस्थेला या कंपनीशी संबंधित रजिस्ट्रारचे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीचे, अधिकार काही काळ गोठवावे लागले.

'आज रात्री बारा वाजता नाव कायमचे जाईल' ही धमकी तर नियमांतच बसत नाही. डॉट कॉम नावाची मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी एकदा आणि आठवडाभर आधी पुन्हा एकदा मालकाला कळवणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. मुदत उलटल्यावरही पाच दिवसांच्या आत आणखी एक सूचना पाठवावी लागते. त्यानंतर बरेच रजिस्ट्रार काही दिवसांची सवलत देतात, आणि नाव रद्द केले तरी ते जादा शुल्क भरून परत मिळवायला आणखी ३० दिवस असतात. त्या काळात संकेतस्थळ बंद पडू शकते, पण नाव रातोरात दुसऱ्याच्या हाती जात नाही. विसराळूपणा मोठ्यांकडूनही होतो. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनी हॉटमेलच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉमचे नूतनीकरण विसरली आणि हॉटमेलच्या ग्राहकांना आत शिरता येईना. शेवटी एका त्रयस्थ संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले.

दुसरा प्रकार चीनमधून येतो. 'एक कंपनी तुमच्या नावाचे डॉट सीएन आणि डॉट एशिया नोंदवू पाहते आहे, आम्ही तिला थांबवून ठेवले आहे, सात दिवसांत कळवा.' ती कंपनी बहुधा कागदावरचीच असते. उत्तर दिले की पुढचा ईमेल येतो : मग तुम्हीच ती नावे घ्या. हरमलच्या गेस्ट हाउसला चिनी डोमेन काय करायचे आहे, हा प्रश्न घाबरलेल्या माणसाला सुचत नाही.

तिसऱ्या प्रकारात भीतीऐवजी हाव कामी येते. कोणी साहेब डोमेनसाठी हजारो डॉलर मोजायला तयार असतात. अट एवढीच, की अमुक ठिकाणाहून मूल्यांकनाचा दाखला आणावा. दाखल्याचे शुल्क भरले की साहेब गायब.

ठकांकडे पत्ते पोचतात कसे? पूर्वी डोमेन घेणाऱ्याचे नाव, फोन आणि ईमेल 'हूइज' नोंदीत कोणालाही दिसत असे. मे २०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाल्यावर त्यातला बराच तपशील झाकला गेला. पण जुन्या याद्या फिरतच राहतात, आणि धंद्याच्या संकेतस्थळावर फोन नंबर तर मालकाने स्वतःच ठळक दिलेला असतो.

गोव्यात जमिनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो : एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव कोणाचे? डोमेनलाही असाच उतारा आहे. डॉट कॉमसाठी आयकॅनच्या लुकअप पानावर आणि डॉट इनसाठी निक्सी या संस्थेच्या रजिस्ट्रीवर नाव टाकले की रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधीची, हे फुकट दिसते. बिल पाठवणारा आणि हा रजिस्ट्रार वेगळे असतील तर ते बिल कचऱ्यात टाकायचे. रजिस्ट्रार तोच दिसला तरी ईमेलमधल्या दुव्यावर न जाता त्याचा पत्ता स्वतः टाइप करून खात्यात शिरावे. डॉट कॉम किंवा डॉट इनचे वर्षाचे नेहमीचे शुल्क हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास असते, हा अंदाज असला तरी बरीच बिले उघडी पडतात. मात्र ईमेल पत्ता पडताळण्यासाठी रजिस्ट्रारकडून येणारा संदेश खराही असू शकतो. तो पैसे किंवा पासवर्ड मागत नाही, आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास डोमेन स्थगित होऊ शकते.

डोमेनचे खाते डिझायनरच्या ईमेलवर असेल तर ते वेळीच मालकाच्या ईमेलवर करून घ्यावे, डोमेन दुसरीकडे वळवू न देणारा ट्रान्सफर लॉक चालू ठेवावा. आपल्यासारखेच नाव घेऊन कोणी खोल्यांचे आगाऊ पैसे उकळत असेल, तर डॉट इनसाठी आयएनडीआरपी आणि डॉट कॉमसाठी यूडीआरपी ही तंटे सोडवण्याची व्यवस्था आहे. डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात मान्य केले आहे. पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या क्रमांकावर फोन करून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, बँकेला कळवावे. मग रजिस्ट्रारच्या खात्यात शिरून डोमेन जागेवर आहे की दुसरीकडे वळवले गेले, ते त्याच दिवशी तपासावे.