एक चिन्ह की दोन?

धार व देवास ही पवार घराण्याची संस्थाने होती. त्यांच्या आश्रयाने माळव्यात मराठी दीर्घकाळ नांदली. त्यांपैकी 'देवास' हे नावच आम्हां मराठी वाचकांना एक गमतीचे कोडे घालते. 'आम्ही देवास पाहिले' या वाक्यात तो अखंड शब्द आहे. 'देवास फुले वाहिली' यात मात्र 'देवा' हे सामान्यरूप व 'स' हा प्रत्यय असे दोन भाग आहेत. अक्षरे तीच, फोड करावी की नाही, हे वाक्यच सांगते.

प्रत्ययांचा विचार धारला जुनाच. तेथील भोजशाळा–कमाल मौला वास्तूत सर्पाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि नामाक्रियापदांचे प्रत्यय कोरलेले आहेत. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी का. कृ. लेले यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशा लेखांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. कोष्टकातला प्रत्यय धातूस जोडला की क्रियापद सिद्ध होते. म्हणजे तो एक साचाच होय.

संगणकाच्या 'सी प्लस प्लस' भाषेतही साचे असतात. त्यांना टेम्प्लेट म्हणतात. समजा, 'यादी' हा साचा आहे. मग यादी<संख्या> म्हणजे संख्यांची यादी, आणि यादी<यादी<संख्या>> म्हणजे अशा याद्यांची यादी. येथे शेवटी दोन कंस लागून आले. कंपायलर, म्हणजे आज्ञावली यंत्रभाषेत उतरविणारा दुभाषी, शक्य तितकी चिन्हे जोडून एक चिन्ह वाचतो. त्या भाषेत >> ही अंक उजवीकडे सरकविण्याची आज्ञाही आहे. म्हणून १९९८ च्या प्रमाणकानुसार, मध्ये मोकळी जागा न सोडल्यास निर्दोष दिसणारी ओळ चुकीची ठरे.

२०११ च्या प्रमाणकाने नियम सुधारला. साच्याचा कोनी कंस उघडा असेल, तर >> मधील पहिल्या चिन्हाने तो मिटवावा. तेथे सरकविण्याची आज्ञाच हवी असेल, तर ती गोल कंसांत लिहावी. दुरुस्ती लहान, परंतु विनामूल्य नव्हे. साच्याच्या कंसांत ती आज्ञा गोल कंसांविना लिहिलेली जुनी ओळ आता निराळ्या अर्थाने वाचली जाते.

यास्तव कंपायलर सुधारणाऱ्यास दोन कसोट्या लावाव्या लागतात: अडलेली ओळ आता चालते काय, आणि कालपर्यंत चालणाऱ्या ओळी आजही तशाच चालतात काय? विद्यार्थिमित्रांनो, पहिली कसोटी सर्वांना सुचते. दुसरी लावील तोच खरा दुरुस्ती करणारा.