अंगणवाडी : शब्द डहाणूचा

अंगणवाडी हा शब्द सरकारने काढला, असे बहुतेकांना वाटते. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि तिथून तो सर्वत्र गेला, हे खरे. पण शब्द त्याआधीचा, आणि आपल्या डहाणू तालुक्यातला आहे. तो देणाऱ्या ताराबाई मोडक योजना येण्यापूर्वीच, 1973 मध्ये वारल्या होत्या.

ताराबाईंनी 1945 साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ सोबतीला होत्या. गावातल्या बालवाडीत पाड्यावरची मुले मात्र येईनात. अशा वेळी ‘या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही’ असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ असतात. डहाणू-तलासरीबद्दल हे आजही ऐकू येते. वस्तुस्थिती वेगळी होती. आईबाप पहाटेच मजुरीला जात, धाकटे भावंड थोरल्याच्या कडेवर असे. मूल येणार कसे? म्हणून बालवाडीच पाड्यावर गेली. कुणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. मॉन्टेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, खडे, पानाफुलांतून ती तयार झाली. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी, इतका सरळ अर्थ.

पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुले गुरांमागे रानात असत. त्यांना शाळाबाह्य ठरवून सोडून न देता शिक्षिका साहित्य घेऊन कुरणात गेल्या. ती कुरणशाळा. ज्याला शाळेत येता येत नाही, त्याच्या कामाच्या जागी शाळेने जावे, हा विचार मला त्या काळातला सर्वांत धाडसी वाटतो.

आणखी एक समज : अंगणवाडी म्हणजे खाऊवाटप. योजनेत पूरक आहाराबरोबर लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा आहेत. यातल्या शेवटच्या सेवेसाठी ताराबाई-अनुताईंनी आयुष्य वेचले. तुमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत आहार किती आला हे जरूर विचारा, पण आज मुलांना काय शिकवले हेही ताईंना विचारा.