छावणीतल्या मुलांपर्यंत डिजिटल शिक्षण कसं पोहोचतं?

लॉकडाऊनच्या काळात घरात मोबाईल एक आणि शिकणारी मुलं तीन, ही तारांबळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. फोन कुणाच्या हातात जाणार, रिचार्ज कोण करणार आणि गणित अडलं तर विचारायचं कुणाला? निर्वासितांच्या छावणीत वाढणाऱ्या मुलांसाठी हे प्रश्न काही महिन्यांपुरते नसतात. त्यांचं सगळं बालपण याच अडचणींत जातं.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठी काम करणाऱ्या यूएनएचसीआर या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार, शाळेच्या वयाची १ कोटी ४८ लाख निर्वासित मुलं जगात होती. त्यातली निम्म्याहून जास्त शाळेबाहेर होती. प्राथमिक शाळेत ६५ टक्के मुलांची नावं होती, तर माध्यमिक शाळेत हे प्रमाण ४१ टक्क्यांवर आलं होतं. सीरिया असो, सोमालिया असो की म्यानमार, घर सुटलं की शाळाही सुटते. 'तात्पुरती' म्हणून उभारलेली छावणी मात्र वीस-तीस वर्षं हलत नाही.

मग मुलांना टॅब वाटून टाकले तर? उपाय सोपा वाटतो. पण जिथे हे काम टिकलं, तिथली गोष्ट थोडी वेगळी आहे.

जुन्याच शाळेत नवा वर्ग

केनियातली दादाब छावणी १९९१ मध्ये सोमालियातून पळून आलेल्या कुटुंबांसाठी उभी राहिली. पुढच्याच वर्षी देशाच्या वायव्य टोकाला काकुमा छावणी सुरू झाली. २०१३ मध्ये व्होडाफोन फाउंडेशन आणि यूएनएचसीआर यांनी 'इन्स्टंट नेटवर्क स्कूल्स' हा उपक्रम हाती घेतला. त्यात नवी शाळा बांधत नाहीत. छावणीत आधीपासून चालणाऱ्या शाळेतली एक खोली निवडतात. तिथे सौरऊर्जा, इंटरनेट, टॅब, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर येतात. शाळेतले वर्ग आळीपाळीने ती खोली वापरतात.

यात प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. नेटवर्क आणि यंत्रं फाउंडेशनकडून येतात. शाळा चालवायची जबाबदारी स्थानिक पातळीवर काम करणाऱ्या संस्थांची. शिकवणारे अनेक शिक्षक स्वतःच निर्वासित असतात. शिवाय प्रत्येक शाळेत एक प्रशिक्षित 'कोच' असतो. टॅब चालू आहेत की नाही, धड्यात ते कसे वापरायचे, शिक्षकाला कुठे अडतंय, हे सगळं तो पाहतो. हा माणूस नसेल तर काय होईल? चार्जर हरवतो, पासवर्ड कुणाला आठवत नाही आणि टॅब कपाटात पडून राहतात.

इंटरनेट नसेल तर?

छावणीत इंटरनेट मिळेलच असं नाही. मिळालं तरी महाग पडतं. त्यावर 'लर्निंग इक्वॅलिटी' या संस्थेने 'कोलिब्री' नावाचं मोफत सॉफ्टवेअर बनवलं आहे. त्याची पद्धत साधी आहे. इंटरनेट असलेल्या जागी धडे, व्हिडिओ आणि सराव-प्रश्न एका छोट्या कॉम्प्युटरवर एकदाच उतरवून घ्यायचे. तो कॉम्प्युटर वर्गात ठेवायचा आणि आसपासचे टॅब वायफायने त्याला जोडायचे. मग डेटा लागत नाही. काकुमातही कोलिब्री वापरलं गेलं आहे.

मुलांच्या ओळखीचा खेळ

सुदानमध्ये तर अनेक दुर्गम गावांत शाळाच नव्हती. तिथे 'वॉर चाइल्ड हॉलंड' या संस्थेने ओम्दुर्मानचं अहफाद महिला विद्यापीठ आणि तिथलं शिक्षण मंत्रालय यांना सोबत घेऊन टॅबवरचा गणिताचा खेळ तयार केला. अभ्यासक्रम सरकारी होता. खेळातली गावं आणि माणसं मात्र मुलांनी काढलेल्या चित्रांवरून, त्यांनी सांगितलेल्या गोष्टींवरून घेतलेली. शिक्षक मिळत नव्हते म्हणून गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं. मुलं वेळेवर येतात का, टॅब चार्ज झाले का, हे ते बघत. ओळखीचा माणूस समोर असला की आई-बापही मुलींना निर्धास्त पाठवतात. पुढे हीच पद्धत जॉर्डन आणि लेबनॉनमधल्या सीरियन निर्वासित मुलांपर्यंत गेली.

परवानगीचा अडसर

सगळीकडे वाट इतकी मोकळी नाही. २०१७ मध्ये सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बाजारला आले. सरकारने त्यांच्या मुलांना बांगलादेशी अभ्यासक्रम शिकवू दिला नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये छावण्यांतला मोबाईल इंटरनेट बंद करण्यात आला, तो जवळपास वर्षभर बंदच होता. त्याच काळात, २०२० च्या मार्चमध्ये, कोरोनामुळे शिक्षण केंद्रांनाही कुलूप लागलं. ऑनलाइन वर्गाचा प्रश्नच नव्हता. तेव्हा घरीच आई-वडिलांच्या मदतीने मुलांचा अभ्यास चालू ठेवण्याचे प्रयत्न झाले.

या केंद्रांत एक बांगलादेशी आणि एक रोहिंग्या शिक्षक, अशी जोडी ठेवण्याची पद्धत होती. मुलांची भाषा समजणारा आणि त्यांचं दुःख जाणणारा माणूस वर्गात असावा, हा त्यामागचा हेतू. २०२१ च्या अखेरीस युनिसेफने म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू केला, म्हणजे उद्या मायदेशी परतायची वेळ आली तर शिक्षण फुकट जाऊ नये.

मदत करण्याआधी

आपल्याकडे निर्वासित मुलांच्या शिक्षणासाठी अनेक जण मनापासून पैसे देतात. देताना "किती टॅब वाटले?" एवढंच विचारून थांबू नये. टॅब बिघडला तर दुरुस्त कोण करणार? धडे मुलांना समजणाऱ्या भाषेत आहेत का? वर्गात मुली किती येतात आणि त्या संध्याकाळी सुखरूप घरी कशा जातात? या शिक्षणावर पुढच्या शाळेत प्रवेश मिळेल का? निधी थांबला तर वर्ग कोण चालवणार?

या प्रश्नांची उत्तरं देताना संस्थेने छावणीतल्याच एखाद्या शिक्षकाकडे, आईकडे किंवा तरुणाकडे बोट दाखवलं, तर आपला पैसा योग्य जागी चालला आहे असं समजायला हरकत नाही.