परमाणूच्या पोटांत

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत कांहीं वर्षांपूर्वींपर्यंत घरोघरीं दिसणारा जाड पाठीचा दूरदर्शनसंच म्हणजे कॅथोड-किरणांची नळीच होय. ऋणाग्रापासून निघणारे हे किरण १८८३ सालीं हर्ट्‌झला विद्युद्बलानें वळवितां आले नाहींत. नळींत उरलेला वायु आड आला. १८९७ सालीं केंब्रिज येथें टॉमसननें नळी अधिक निर्वात केली आणि किरण वळले. वायु बदलला, धातु बदलला. तरी कणांचा भार व विद्युत्‌ यांचें प्रमाण तेंच! हाच इलेक्ट्रॉन, भारानें हायड्रोजन-परमाणूचा सुमारें १८३७ वा अंश.

कणादांचा परमाणु निरवयव. त्यांत इलेक्ट्रॉन शोधणें हा त्यांचा गौरव नव्हे. वैशेषिकांस अनुमानाबरोबर प्रत्यक्षही प्रमाण होतें. मग टॉमसनचें मोजमाप मुलांस शिकवितांना आम्हीं संकोच कां करावा?